कुलूप तुमचं, किल्ली दादाकडे

पत्राचा सारांश: इंग्लंडमध्ये पंचवीसेक वर्षं राहणाऱ्या, आता ब्रिटिश नागरिक झालेल्या एका वाचक बाईंचं दापोली तालुक्यात वडिलोपार्जित घर आहे. चिऱ्याच्या भिंती, कौलारू छप्पर, मागे नारळ-सुपारीची वाडी. वडील २०१८ मध्ये गेले. २०२० च्या निसर्ग वादळात छप्पर उडालं, तेव्हा टाळेबंदीमुळे बाईंना येता आलं नाही. गावातल्या चुलतभावानेच सगळं निस्तरलं. पुढे दोन वर्षांनी त्यांनी आणि नवऱ्याने मिळून सुमारे १८ लाख रुपये घालून घर नीट केलं. वर्षातून जेमतेम महिनाभर, कधी गणपतीला तर कधी नाताळच्या सुट्टीत, ते तिथे राहतात. एरवी घर बंद असतं आणि किल्ली चुलतभावाकडे असते. "शनिवार-रविवारी पुण्याहून कुणी ओळखीचे आले तर दादा दोन खोल्या देतो," असंही त्यांनी जाता जाता लिहिलंय. घराचा विमा काढावा असं त्यांना वाटतं. नवऱ्याचं म्हणणं, परदेशातल्या सुट्टीच्या घरांसाठी इंग्लंडमध्ये पॉलिसी मिळतात, त्यातलीच एक घेऊ. चुलतभाऊ मात्र दुखावलाय. "मी इथे असताना विमा कशाला? विश्वास नाही का?" बाईंचा प्रश्न: विमा कुठून काढू, आणि दादाला न दुखावता कसा काढू? सही केली आहे, "एक माहेरवाशीण".

प्रिय माहेरवाशीण,

पावसाळा लागला की रात्री उठून फोनवर दापोलीचं हवामान बघते, हे तुमच्या पत्रातलं वाक्य वाचून मी जरा हसले आणि मग हसू आवरलं. माझी आई शेवटपर्यंत ठाण्याच्या फ्लॅटमध्ये बसून गुहागरच्या घराची कौलं मोजायची. विमा काढलात तरी तुमचं हे हवामान बघणं थांबणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. मी सत्तावीस वर्षं एका सर्वसाधारण विमा कंपनीत दाव्यांच्या टेबलावर काढली. विम्याने काय भरून येतं आणि काय येत नाही, एवढंच मी खात्रीने सांगू शकते.

नवऱ्याच्या म्हणण्यापासून सुरुवात करू, कारण ते चटकन मिटण्यासारखं आहे. स्पेन, फ्रान्स, पोर्तुगाल अशा ठिकाणी सुट्टीचं घर असलेल्यांसाठी इंग्लंडमध्ये पॉलिसी मिळतात, हे खरं आहे. पण तुमचं घर भारतात आहे, आणि भारताच्या विमा कायद्यात, म्हणजे १९३८ च्या कायद्यात, २सीबी नावाचं कलम आहे. भारतातल्या मालमत्तेचा विमा परदेशी विमा कंपनीकडे काढायचा असेल तर आधी इथल्या विमा नियामकाची, म्हणजे आयआरडीएआयची परवानगी लागते, असं ते सांगतं. एका कौलारू घरासाठी कुणी ती परवानगी मागायला जात नाही. आणि ती बाजू सोडली तरी, उद्या छप्पर उडाल्यावर लंडनच्या कंपनीचा माणूस दापोलीला कोण पाठवणार? घर जिथे, विमा तिथला. तुम्ही राहता त्या इंग्लंडातल्या घराच्या पॉलिसीतही हे घर येत नाही, आणि प्रवास विम्यातही येत नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण "आमचं सगळं कव्हर आहे" असं म्हणणारी बरीच मंडळी मला भेटली आहेत.

इथला विमा म्हणजे काय, ते सांगते. १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या घरांच्या विम्यासाठी सर्वसाधारण विमा कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' नावाची एक प्रमाणित पॉलिसी ठेवणं सक्तीचं केलं गेलं. कंपनी कुठलीही असो, मूळ मसुदा तोच. त्यामुळे "कुठली कंपनी चांगली" या प्रश्नात फार रात्री घालवू नका. आग, वीज पडणं, भूकंप, वादळ, पूर, दरड कोसळणं, दंगल, झाड किंवा वाहन येऊन आदळणं, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं, हे सगळं त्यात येतं. नारळ छपरावर आडवा झाला तर छप्पर भरून मिळेल. नारळ मिळणार नाही. घराच्या विम्यात घर येतं, वाडी येत नाही. निसर्गमध्ये तुमच्याकडे काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको: ३ जून २०२० ला दुपारी वादळ श्रीवर्धनच्या बाजूला किनाऱ्याला लागलं आणि श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या पट्ट्यात पोफळीच्या बागा काड्यांसारख्या झोपल्या. घरं वर्षभरात उभी राहिली. बागांना वर्षानुवर्षं लागतात. वाडीचं उत्पन्न दादा बघत असतील तर त्यांचं खरं नुकसान तिथे होतं, आणि तुमच्या पॉलिसीतून त्यांना त्यासाठी एक पैसा मिळणार नाही. त्यांच्याशी बोलाल तेव्हा हे लक्षात असू द्या.

विमा रक्कम किती ठेवायची? इथे परदेशातली मंडळी हमखास चुकतात. दापोलीत जागेचे भाव काय झालेत ते ऐकून घराची किंमत कोटीत सांगतात. जमीन वाहून जात नाही. तिचा विमा नसतो. तुमचं घर आज पुन्हा बांधायला किती लागतील, तेवढीच रक्कम धरायची. समजा १,२०० चौरस फूट बांधकाम आहे आणि गावातला मिस्त्री फुटाला २,२०० रुपये सांगतो. म्हणजे २६ लाख ४० हजार. आतल्या सामानाचा विमा या पॉलिसीत इमारतीच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, आपोआप धरला जातो. तुमच्या बाबतीत सव्वापाच लाखांच्या आसपास. दोन पलंग, फ्रीज, इन्व्हर्टर आणि वडिलांचं शिसवी कपाट यांना तो पुरेसा आहे. कुंपणाची भिंत, गेट, पाण्याची टाकी ही इमारतीच्या व्याख्येतच बसतात. पण बाजूला गवताने शाकारलेला गोठा किंवा झावळ्यांचा मांडव असेल तर तो वेगळा सांगा. चिरा आणि कौल यांची अडचण नसते, गवत आणि झावळ्यांची असते.

या पॉलिसीची एक गोष्ट मला मनापासून आवडते. पूर्वी घराची किंमत २० लाख असताना कुणी १० लाखांचा विमा काढला, तर दोन लाखांच्या नुकसानीवर कंपनी एकच लाख द्यायची. अर्धा विमा, अर्धी भरपाई. लोकांना हे दाव्याच्या वेळी कळायचं आणि समोर बसलेल्या माझ्यावर राग निघायचा. भारत गृह रक्षामध्ये ही प्रमाणाची कात्री काढून टाकलेली आहे. तरीही क्षेत्रफळ खरं सांगा. तुम्ही २०२२ मध्ये मागे स्वयंपाकघर वाढवलं असं लिहिलंय. घरपट्टीच्या उताऱ्यावर ते चढलंय का?

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण तुमच्या पत्रात जे नाही ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. घर कुणाच्या नावावर आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही. "वडिलोपार्जित" म्हणालात. कोकणात या शब्दाचा अर्थ बहुतेक वेळा असा असतो की सातबाऱ्यावर आजोबांची दोन मुलं अजून शेजारी शेजारी नांदताहेत, दोघांना जाऊन वर्षं लोटली आहेत, आणि वाटणी ओटीवर बसून तोंडी झालेली आहे. घरपट्टी वडिलांच्या नावाने येते, भरतो चुलतभाऊ. सगळं सुरळीत चाललेलं असतं. मग एक दिवस छप्पर उडतं, दावा जातो आणि कंपनी विचारते, विमा काढणारीचा या घराशी संबंध काय?

विम्यात याला हितसंबंध म्हणतात. ज्याचं नुकसान होणार त्यालाच विमा काढता येतो. मुलगी म्हणून तुमचा हक्क आहेच, आणि परदेशी नागरिकत्व घेतलं म्हणून वडिलांकडून वारशाने आलेलं घर हातचं जात नाही. मागची वाडी शेतजमीन असली तरी वारसाहक्काने ती तुमच्याकडे येऊ शकते. तशी जमीन तुम्हाला विकत घेता येत नाही, हे वेगळं. पण हक्क असणं आणि तो कागदावर दिसणं यांच्यात तलाठी कार्यालयाच्या किमान चार खेपा असतात. वारस नोंद करून घ्या. फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरचा नावबदल, होऊ द्या. ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा, म्हणजे घरपट्टीचा, उतारा तुमच्या किंवा सामाईक नावावर आणा. पुढच्या सुट्टीतला एक आठवडा यासाठी राखून ठेवा. समुद्र कुठे जात नाही. तुम्हाला येणं जमत नसेल तर कुलमुखत्यारपत्र करता येतं. मात्र ते मोघम नको. नोंदी, घरपट्टी, विमा, दावा, एवढ्याच कामांपुरतं असू द्या, आणि विक्रीचा अधिकार त्यात नको. हे दादांवरच्या अविश्वासाने म्हणत नाही. सगळे अधिकार दिलेलं कुलमुखत्यारपत्र दादांच्या पश्चात, किंवा त्यांच्या हातून गहाळ झालं तर, कुणाच्या हाती लागेल ते सांगता येत नाही.

आणि घर खरोखर सामाईक असेल, तर विमा सामाईक नावानेच काढा. तुम्ही आणि दादा, दोघांची नावं पॉलिसीवर. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे.

आता पत्रातलं ते वाक्य. "कुणी ओळखीचे आले तर दादा दोन खोल्या देतो." मी ते दोनदा वाचलं. पैसे घेऊन देतात ना? नक्कीच घेत असतील, आणि घ्यावेतच. चादरी धुणं, पाणी तापवणं, वहिनींच्या हातची मोदकांची ताटं, फुकट का करायचं? पण विमा कंपनीच्या दृष्टीने तुमचं घर त्या क्षणी "स्वतः राहण्याचं घर" राहत नाही. भारत गृह रक्षा ही राहत्या घराची पॉलिसी आहे. पाहुणे ठेवत असाल तर ते अर्ज भरतानाच सांगायचं. कंपनी थोडा जास्त हप्ता मागेल किंवा दुसऱ्या प्रकारची पॉलिसी सुचवेल. कदाचित नकोही म्हणेल. नकार अर्जाच्या वेळी आलेला परवडतो. राज्याच्या पर्यटन खात्याची निवास-न्याहारी योजना आहे, तिच्यात नोंद करण्यासारखं काम होतंय का, हे दादांना विचारा. नोंद असली तर कंपनीशी बोलणं सोपं जातं.

शिवाय एक जोखीम अशी आहे जिच्याबद्दल कुणीच बोलत नाही. पाहुणा शेवाळलेल्या पायरीवरून घसरला, किंवा कुणाचं पोर विहिरीत वाकलं, तर? घराच्या विम्यात तुमच्या घराचं नुकसान भरून मिळतं. दुसऱ्याला झालेल्या इजेची जबाबदारी त्यात आपोआप येत नाही. तो भाग वेगळा मागून घ्यावा लागतो. पैसे घेऊन माणसं राहणार असतील तर तो घ्याच.

बंद घराचं काय? सगळ्यात जास्त दावे मी इथे अडकलेले पाहिलेत. एक प्रकरण अजून डोळ्यांसमोर आहे. आखातात नोकरी करणाऱ्या एका गृहस्थांचं घर, अकरा महिने कुलूपबंद. अर्जात "मालक स्वतः राहतात" अशी खूण, एजंटने भरलेली. शॉर्ट सर्किटने माजघर जळलं. नुकसान तपासायला कंपनीने पाठवलेल्या सर्व्हेअरने शेजारी चौकशी केली तेव्हा शेजारच्या आजींनी अगदी प्रेमाने सांगितलं, "ते होय? ते शिमग्याला येतात." दावा दीड वर्ष रखडला. खोटं बोलण्याचा त्या गृहस्थांचा हेतू नव्हता. त्यांनी अर्ज वाचलाच नव्हता.

जुन्या प्रमाणित आगीच्या पॉलिसीत अट असायची की इमारत सलग ३० दिवसांहून अधिक रिकामी राहणार असेल तर कंपनीची लेखी संमती हवी. घरफोडीच्या पॉलिसींतही अशा मुदती असतात, दिवस मात्र कंपनीगणिक बदलतात. तुमच्या हातात येईल त्या पॉलिसीत "रिकामं" हा शब्द शोधा आणि तो परिच्छेद शेवटपर्यंत वाचा. त्याआधी कंपनीला सरळ ई-मेल लिहा: हे आमचं सुट्टीचं घर आहे, वर्षातले दहा-अकरा महिने बंद असतं, अमुक नात्याचा माणूस आठवड्यातून इतक्या वेळा उघडून बघतो, अधूनमधून पाहुणे राहतात. त्याला लेखी उत्तर येऊ द्या. फोनवर "चालतं हो मॅडम" म्हणणारा आवाज दाव्याच्या वेळी सापडत नाही. पॉलिसीवरच तशी नोंद करून मिळाली तर उत्तम.

चोरीबद्दलही गैरसमज नको. भारत गृह रक्षामध्ये चोरी येते ती वादळ, पूर, आग अशा घटनेमुळे घर उघडं पडलं आणि त्यानंतर सात दिवसांत चोरी झाली तर. एरवी कुलूप तोडून कुणी तांब्याचा बंब नेला तर त्यासाठी घरफोडीचा वेगळा विमा लागतो, आणि त्यातही जबरदस्तीने आत शिरल्याच्या खुणा दिसाव्या लागतात. तुम्ही तो घ्यावा का? मला विचाराल तर नको. बंद घराला तो महाग पडतो, अटी कडक असतात, आणि तुमच्या घरात चोरण्यासारखं जे आहे ते आईच्या हातचे पितळी डबे वगैरे. त्यांची भरपाई मिळून तुम्हाला काय बरं वाटणार? ते दादांच्या नव्या घरी ठेवा.

मग विमाच नको, असंही एक मत असू शकतं, आणि ते मी हसण्यावारी नेणार नाही. गावातली बहुतेक घरं विम्याशिवाय उभी आहेत. दर मे महिन्यात शाकारणी होते, फुटकी कौलं बदलली जातात, वासे बघितले जातात, पन्हळी साफ होतात, आणि घर शंभर पावसाळे काढतं. दरवर्षी तीस-चाळीस हजार रुपये बाजूला टाकून दुरुस्तीचा निधी केला तर लहानसहान नुकसान त्यातच भागतं. त्यासाठी विमा लागत नाही, आणि विम्यातून ते मिळणारही नाही: वाळवीने खाल्लेला वासा, ओल आलेली भिंत, माकडांनी सरकवलेल्या कौलांतून गळलेलं पाणी, यांचा दावा मी तरी मांडायला जाणार नाही. तो देखभालीचा खर्च. पण निधीतून छप्पर दुरुस्त होतं, घर पुन्हा उभं राहत नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्यात होतं आणि त्याच दिवशी महाडजवळच्या तळीये गावावर दरड आली. अशा दिवसासाठी विमा असतो. घराच्या विम्याचा हप्ता सहसा चारचाकीच्या विम्यापेक्षा कमी असतो, त्यामुळे "निधी की विमा" असा पेच पाडून घेऊ नका. दोन्ही करा, निधी कौलांसाठी आणि विमा भिंतींसाठी.

पॉलिसी दहा वर्षांपर्यंतची मिळते. परदेशातले लोक नूतनीकरण विसरतात, म्हणून लांब मुदत मोहात पाडते. तरी माझा सल्ला, आधी एका वर्षाची घ्या. तेवढ्यात कागद तुमच्या नावावर येतील, पाहुण्यांचं काय ते ठरेल, आणि मग लांबची घ्या. आणि पैसे वेळेत भरा. हप्ता कंपनीकडे पोचल्याशिवाय विम्याचं संरक्षण सुरू होत नाही, तसा कायदाच आहे. अरबी समुद्रात वादळाचा इशारा आल्यावर इंग्लंडमधून फोन करणारे मी पाहिलेत. तेव्हा फार उशीर झालेला असतो. जानेवारी २०२३ पासून नव्या पॉलिसीला केवायसी सक्तीची आहे, तेव्हा पॅन आणि पासपोर्टच्या प्रती तयार ठेवा. पॅन नसेल तर ते आधी काढून घ्या. भरपाई रुपयांत मिळते. तुमचं एनआरओ खातं, म्हणजे परदेशी राहणाऱ्यांचं भारतातलं रुपयांचं बँक खातं, असेल तर तेच पॉलिसीला जोडा.

आता दादा.

"मी असताना विमा कशाला" हे वाक्य तुम्हाला संशयाचं उत्तर वाटलं. मला ते वेगळं ऐकू आलं. निसर्गनंतर दापोलीकडे कितीतरी दिवस वीज नव्हती, फोन लागत नव्हते. त्या माणसाने स्वतःचं घर उघडं असताना तुमच्या छपरावर ताडपत्री घातली. गाडीभर कौलं कुठून आणली, गडी कुठून मिळवले, हे तुम्हाला अजून धड माहीतही नसेल. तुम्ही पैसे पाठवलेत, ते योग्यच केलंत. पण त्यानंतर पाच वर्षांनी "विमा काढतोय" असं व्हॉट्सअ‍ॅपवर कळलं, तर त्याला काय वाटलं असेल? त्याने जे केलं त्याची जागा आता एक कागद घेणार, असं वाटलं असेल. तुमच्या पत्रात तुम्ही दोनदा लिहिलंत की त्याला काही समजावून सांगता येत नाही. समजावण्याआधी एकदा विचारून बघा: त्या आठवड्यात नक्की काय काय झालं? सगळं ऐकून घ्या. इतक्या वर्षांत तो प्रश्न कुणी विचारलाच नसेल.

त्यानंतर जे सांगायचं ते अगदी साधं आहे. विमा त्याच्यावर लक्ष ठेवायला नाही. पुढच्या वादळात त्याला पदरचे पैसे घालून धावावं लागू नये म्हणून आहे. आणि विम्याला तो हवाच आहे. त्याच्याशिवाय ही पॉलिसी चालणार नाही, हे मी गोड बोलायचं म्हणून म्हणत नाही. दावा उभा राहतो तो जागेवरच्या माणसावर. नुकसान झालं की कंपनीला लगेच कळवायचं, आवरायच्या आधी फोटो काढायचे, फुटकी कौलं आणि मोडके वासे सर्व्हेअर येईपर्यंत टाकायचे नाहीत, पाऊस आत येऊ नये म्हणून ताडपत्री घालायची आणि तिची पावती ठेवायची, तलाठ्याचा पंचनामा होत असेल तर त्याची प्रत घ्यायची. मँचेस्टरात बसून यातलं काय करणार आहात? पॉलिसी क्रमांक, कंपनीचा दाव्याचा फोन आणि तुमचं अधिकारपत्र, तिन्ही त्याच्याकडे छापील हवीत. मोबाइलवर पाठवून भागत नाही. वादळात मोबाइल बंद असतो. मी तर म्हणेन, प्लास्टिकच्या पिशवीत घालून देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवा.

त्याच्या कामाचे पैसे ठरवा, हेही सुचवते, आणि हे सांगताना तुम्ही बिचकणार हे मला कळतंय. भावाला पगार कसा द्यायचा? पगार म्हणू नका. घराचा खर्च म्हणून दरमहा ठरावीक रक्कम पाठवा, त्यातून शाकारणी, घरपट्टी, विजेचं बिल भागवून उरेल ते त्याचं. पाहुण्यांकडून येणारे पैसेही सगळे त्याचेच, हे स्पष्ट बोलून घ्या. न बोललेले हिशेब घराला वाळवीपेक्षा लवकर पोखरतात. त्याबदल्यात एक वही ठेवायला सांगा: कधी घर उघडलं, काय दुरुस्त केलं. ती वही दाव्याच्या वेळी तुमच्या पंधरा ई-मेलपेक्षा जास्त उपयोगी पडेल. घर बंद असलं तरी बेवारस नाही, याचा तो पुरावा असतो.

तुमच्यासारखी पत्रं मला पुण्यातल्या बंद फ्लॅटबद्दलही येतात. त्यांच्यासाठी: सोसायटीने इमारतीचा विमा काढलाय का ते सचिवांना विचारा आणि पॉलिसी बघा, बहुतेक वेळा त्यात भिंती-छत असतं, तुमचं सामान नसतं. गोव्यातल्या मोठ्या जुन्या घरांच्या मालकांना सांगते की आधी एक-चौदाचा उतारा, म्हणजे तिथला सातबारा, काढून त्यावर किती नावं आहेत ती मोजा. तिथे वारसांची यादी कधीकधी खोल्यांपेक्षा लांब असते, आणि विम्याचा अर्ज भरण्याआधी सगळ्यांना एका टेबलाशी बसवावं लागतं.

कंपनीने दावा नाकारला आणि तो नकार चुकीचा वाटला, तर आधी कंपनीच्याच तक्रार अधिकाऱ्याला लिहा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. ५० लाखांपर्यंतच्या वादांची तक्रार तिथे फी न भरता करता येते आणि वकील लागत नाही.

तुमच्या पत्राच्या तळाशी तुम्ही लिहिलंत की विहिरीचा कठडा एका बाजूने ढासळलाय, तो पुढच्या सुट्टीत बघू. तो आधी करून घ्या, पाऊस लागायच्या आत. दादांना आजच फोन करा. भारतात आत्ता रात्रीचे साडेआठ वाजलेत, जेवून ओटीवर बसले असतील.